शेवटचा वर आल्याशिवाय फोटो नाही

घाटात सायकल चालवणाऱ्या कुठल्याही टोळक्यात एक प्रसंग हमखास घडतो. पुढचे चौघे वळणावर पोचतात, पाणी पितात, केळी सोलतात, दरीकडे पाठ करून दोन-चार सेल्फी काढतात. दहा मिनिटांनी मागचा गडी धापा टाकत येतो. त्याने एक पाय जमिनीला टेकवला रे टेकवला की पुढच्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "चला, आले सगळे!" आणि टोळकं निघतं. ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला विसावाच येत नाही. असं तीनदा झालं की तो माणूस पुन्हा घाटात दिसत नाही. शेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पसरणी घाट चढले, तेव्हा ती शेवटची मी होते.

आमच्या गटाने यावर तोडगा काढला तो फोटोंचा. थांब्यावरचा पहिला फोटो शेवटचा आल्यावर, आणि तोही त्याचा श्वास जागेवर आल्यावर. बाकी सगळ्यांनी तोवर थांबायचं. गंमत अशी, की या एका नियमाने गट तर टिकलाच, पण आमचे फोटोही सुधारले. पुढे पोचलेल्यांना पंधरा-वीस मिनिटं नुसतं दरीकडे बघण्यावाचून काम उरलं नाही, आणि बघत राहिलं की फोटो दिसायला लागतो. डोंगरातली सामूहिक सायकलफेरी आणि हौशी छायाचित्रण या दोन गोष्टींचं एरवी जमत नाही. चढाला लय लागते, फोटोला थांबणं. ते जुळवून कसं घ्यायचं, हे वाई ते पाचगणी या रस्त्याच्या आधाराने सांगते. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुठल्याही घाटाला यातलं बरंचसं लागू पडेल.

पसरणी घाटच का, तर तो नवशिक्यांना मारत नाही आणि जाणत्यांना कंटाळा आणत नाही. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधलं अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे सरासरी शंभर मीटरला पाचेक मीटर चढ. सिंहगडासारखा अंगावर येणारा खडा चढ इथे नाही. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव, तेव्हा सुरुवातीला एखादं गाणं म्हणायला हरकत नाही. पुढे आवाज शिल्लक राहीलच असं नाही.

आणखी एक कारण उजेडाचं आहे. हा घाट डोंगराच्या उत्तरेकडच्या अंगावरून चढतो आणि समोर कृष्णेचं खोरं पसरलेलं असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सकाळी बराच वेळ रस्ता सावलीत आणि खोऱ्यात ऊन. चढणाऱ्याला गारवा, फोटो काढणाऱ्याला उजळलेली दरी, पलीकडे पांडवगड. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाला वाईतून निघा. पुण्या-मुंबईहून त्याच दिवशी पहाटे येण्याचा अट्टहास नको. आदल्या रात्री वाईत मुक्काम करा, ढोल्या गणपतीला जाऊन या, लवकर झोपा. आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळाच. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि धुराच्या रांगेत चढ चढण्यात काही मजा नाही.

ऋतूचं म्हणाल तर पाऊस सरल्यावरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात देखणे. डोंगर अजून हिरवे, हवा धुतलेली, दूरचा कडाही स्वच्छ दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालवायला उत्तम, पण खोऱ्यात धुरकट थर असतो. भर पावसात नवख्यांना नेऊ नका. धुक्यात मागून येणाऱ्या चालकाला सायकल दिसतच नाही.

आता सायकल. महागडी हवी असं मुळीच नाही, हलका गिअर मात्र हवा. पुढच्या लहान चक्राला 34 दाते आणि मागच्या सर्वात मोठ्या चक्रालाही 32-34 असतील तर पसरणी घाट बसून चढता येतो. पुढे तीन चक्रं असलेली साधी गिअरची सायकल असेल तर आणखी सोपं. सीटची उंची आदल्या दिवशीच तपासा: टाच पॅडलवर ठेवून ते अगदी खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. निम्म्या लोकांची गुडघेदुखी ही खाली ठेवलेल्या सीटची देणगी असते. ब्रेकचे पॅड बघा. प्रत्येकाजवळ आपल्या मापाची एक ट्यूब, आणि गटात मिळून एक पंप, टायर लिव्हर, पंक्चरचं सामान. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, दिवसासुद्धा. हेल्मेटबद्दल वाद घालणाऱ्याला वाईतच मिसळ खात बसू द्यावं.

गट सहा ते आठ जणांचा असावा. बारा झाले तर दोन गट करा. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे पंक्चर काढता येणारा आणि तोंडाने गोड असणारा माणूस. आमच्याकडे हे काम बँकेतून निवृत्त झालेले एक काका करतात. "अजून किती राहिलं?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर गेली सहा वर्षं एकच आहे: "ते काय, वळलं की आलं." हे साफ खोटं असतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं, तरी ऐकायला बरं वाटतं. घाटात एकामागे एक चालवा, गप्पांसाठी जोडीने नको. मागच्याने "गाडी मागून" आणि पुढच्याने "खड्डा" असं ओरडून सांगायचं, आणि ते ओरडणं शेवटपर्यंत पोचवायचं.

चढाची गुरुकिल्ली पहिल्या दोन किलोमीटरमध्ये असते, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. पाय ताजे असतात, बाकीचे पुढे जाताना दिसतात, आणि माणूस ईर्ष्येला पेटतो. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, इतक्याच वेगाने चढा. तासाला सहा-सात किलोमीटर पडले तरी चालेल, थांबे सोडून दोन-सव्वादोन तासांत पाचगणी येते. गिअर चढावर जोर पडण्याआधी बदला. पॅडलवर सगळं वजन टाकून बदलायला गेलात की चेन कुरकुरते आणि बरेचदा उतरते.

वळणांची एक खुबी मला उशिरा कळली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावीकडे वळणारं वळण आपल्याला पोटातून चढावं लागतं. अंतर कमी आणि उंची तेवढीच, म्हणून तिथे चढ एकदम अंगावर येतो. तिथे आधीच एक गिअर हलका करून ठेवायचा. उजवीकडचं वळण आपण बाहेरून घेतो, ते लांब आणि सौम्य असतं. तिथे दम खायचा. हे कळल्यावर घाट म्हणजे एकसलग शिक्षा वाटेनाशी झाली. कष्ट कुठे आणि विसावा कुठे, हे आधीच दिसू लागलं. पोटातल्या वळणावर एसटी मागून आली तर तिला वळायला जागा लागते, हेही ध्यानात असू द्या. अशा वेळी दोन मिनिटं उतरून उभं राहण्यात काही कमीपणा नाही.

खाणं भूक लागायच्या आधी, पाणी तहान लागायच्या आधी. दर अर्ध्या तासाला एखादा खजूर, चिक्कीचा तुकडा किंवा शेंगदाण्याचा लाडू. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. थांब्यावर खाऊची पिशवी हँडलला लटकवून दरीकडे बघत बसू नका. माकडं आपल्याहून चपळ असतात आणि त्यांना चेन उघडता येते.

एवढं झाल्यावर कॅमेरा.

पहिल्या वर्षी माझे सगळे फोटो दुधाळ आले होते. डोंगर, रस्ता, माणसं, सगळ्यांवर जणू साय धरलेली. मला वाटलं फोन बिघडला. प्रत्यक्षात तो जर्सीच्या मागच्या खिशात होता, पाठीच्या घामाने लेन्स ओली होत होती आणि मी तशीच फोटो काढत होते. तेव्हापासून फोन झिपच्या छोट्या प्लास्टिक पिशवीत ठेवते आणि चष्मा पुसायचं कापड गळ्यातल्या थैलीत. प्रत्येक थांब्यावर आधी लेन्स पुसायची. माझ्या फोटोंत कुठल्याही नव्या फोनने केला नसता एवढा फरक या कापडाने केला. हँडलवर फोन अडकवून चालता-चालता फोटो काढायचा मोह सोडा. एक तर खडबडीत रस्त्यावर फोनच्या कॅमेऱ्यातल्या नाजूक यंत्रणेला हादरे बसतात, दुसरं म्हणजे नजर रस्त्यावरून हटते.

दरीचा नुसता फोटो बहुधा फसतो. डोळ्यांना जे अफाट दिसलं, ते पडद्यावर निळसर पट्टा होऊन बसतं, कारण डोंगर किती मोठा हे सांगायला चौकटीत काहीच नसतं. म्हणून माणूस घ्या, सायकल घ्या, निदान कठड्याचा कोपरा घ्या. आमच्या गटात दर फेरीला एकजण मुद्दाम लाल किंवा पिवळा टी-शर्ट घालतो. अख्ख्या हिरव्या-तपकिरी उतारावर तो एक ठिपका असला की घाटाची उंची आपोआप कळते.

आणि इथे पुढे पोचलेल्यांचा उपयोग होतो. आमचा नियम थांब्यावरच्या फोटोंना आहे, चढत येणाऱ्यांच्या फोटोंना नाही. सगळ्यात पुढच्याने वरच्या वळणावर सायकल बाजूला लावावी, कठड्याच्या आत सुरक्षित उभं राहावं आणि खालचा रस्ता न्याहाळावा. खालून येणारे सोबती रस्त्याच्या वाकणात कुठे छान दिसतील, ते आधीच हेरून ठेवावं. मग वाट बघायची. वळणाच्या ऐन मध्यावर नाही, तर त्यातून बाहेर पडताना, चेहरा आपल्याकडे वळतो तेव्हा लागोपाठ आठ-दहा फोटो घ्यायचे. शटरचं बटण दाबून किंवा सरकवून धरलं की बहुतेक फोन तसे घेतात. चढावर सायकल हळू असते, त्यामुळे फोटो हलत नाही. त्याच कारणाने चढताना काढलेल्या फोटोत माणसाचे कष्ट दिसतात: ताणलेल्या पोटऱ्या, हनुवटीवरून गळणारा घामाचा थेंब, उघडं तोंड. हे फोटो लोकांना सुरुवातीला आवडत नाहीत. वर्षभराने तेच मागतात.

उजेडाचं एक पथ्य पाळा. पडद्यावर आकाश पांढरंफटक दिसत असेल तर आकाशाच्या कडेला बोट दाबून धरा, उजेड तिथे पक्का होतो. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. डोंगर जरा काळपट येईल, पण तो नंतर उजळता येतो. आकाशातला गेलेला तपशील परत येत नाही. धुक्यात उलटं. कॅमेऱ्याला धुकं फार उजळ वाटतं आणि तो सगळं राखाडी करून टाकतो, म्हणून तिथे चिन्ह थोडं वर ओढायचं. दूरच्या डोंगररांगांसाठी फोनवर बोटांनी ताणून झूम करू नका, नुसती ठिगळं हाती लागतात. लांब पल्ल्याची लेन्स असलेला कॅमेरा कुणाकडे असेल तर मात्र रांगांमागच्या रांगा, प्रत्येक आधीहून फिकट, अशा एकाच चौकटीत बसवता येतात. अर्थात तो किलो-दीड किलोचा ऐवज वर न्यायचा कुणी, हा प्रश्न ज्याचा कॅमेरा त्याने सोडवावा.

हात थोडा बसला की एक खेळ करून बघा. ज्या फोनमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येतो, त्यात तो सेकंदाचा तिसावा भाग ठेवा. सायकलस्वार समोरून आडवा जात असताना फोन त्याच्या वेगाने, त्याच्या दिशेने फिरवत फोटो घ्या. जमलं तर माणूस ठळक आणि मागचा कातळ रेषारेषांचा. वीसपैकी एखादा जमतो. चढावरचा सोबती फारच सावकाश असेल तर वेग पंधराव्या भागापर्यंत आणा आणि ही गोष्ट त्याला सांगू नका.

थांबे मात्र आधी ठरलेले हवेत. पूर्ण घाटात तीन पुरेत. पलीकडचं न दिसणाऱ्या वळणाजवळ, अरुंद पुलावर, गाड्या लावलेल्या जागी थांबायचं नाही. रस्त्याच्या बाहेर सगळ्या सायकली मावतील अशीच जागा निवडा. चढताना बऱ्याच ठिकाणी आपण डोंगराच्या बाजूने असतो आणि दरी रस्त्यापलीकडे. फोटोच्या नादात न बघता रस्ता ओलांडणं हाच इथला खरा धोका. आधी सायकल लावा, मग दोन्ही बाजूंना बघा, मग ओलांडा. कठड्यावर चढून, सायकल डोक्यावर उचलून काढलेले फोटो जगात भरपूर झाले आहेत. आपण भर घातली नाही तरी काही अडत नाही.

पाचगणीत पोचल्यावर टेबललँडला जायचं असेल तर थेट जा, न्याहारी नंतर. जांभ्या दगडाचा तो सपाट सडा सकाळी मोकळा असतो, पुढे घोडे आणि गर्दी. धोम धरणाचं पाणी बघायला सिडने पॉइंट मला जास्त आवडतो. खालून जे खोरं तुकड्या-तुकड्यांनी दिसत होतं, ते तिथून सलग दिसतं, आणि आपण कुठून कुठे चढलो हे बोटाने दाखवता येतं. पायात ताकद असेल तर महाबळेश्वरच्या रस्त्यावरून थोडं आत भिलारला जा. 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे. ओसरीवर सायकल टेकवून कुणाच्या तरी घरात पुस्तक चाळत बसता येतं. डिसेंबर ते मार्च आजूबाजूला स्ट्रॉबेरीचे मळे लाल झालेले असतात. मळ्यात काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि नाही म्हणाल्या तर फोन खिशात ठेवा. मळ्याच्या बांधावर सायकल घालू नका. हा सगळा टापू 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. केळ्याची सालंसुद्धा पिशवीतून खाली आणायची.

उताराला लोक बक्षीस समजतात. मी त्याला परीक्षा समजते. उतरण्याआधी अंगातला ओला टी-शर्ट बदला किंवा वर विंडचीटर घाला. दोन्ही विसरलात तर चहाच्या टपरीवरून जुनं वर्तमानपत्र मागून छातीवर आत सरकवा, वारा अडतो. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचे नाहीत. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून वेग उतरवायचा, वळणात सोडायचे. वाळू-खडी दिसली तर पुढचा ब्रेक जपून. बोटं कायम ब्रेकवर. अर्ध्यावर थांबून ब्रेक गार होऊ द्या. एकदा अशाच थांब्यावर डिस्क किती तापली हे बघायला मी तिला बोट लावलं. पुढचे आठ दिवस पोळी लाटताना तो फोड माझ्याशी बोलत होता. आणि उतारावर फोटो नाही, म्हणजे नाही. दरी आता आपल्या बाजूला असते, मोह फार होतो. जे टिपायचं ते चढतानाच टिपून घ्यायचं. पडलंच कुणी, तर 108 वर रुग्णवाहिका मागवता येते. त्यासाठी फोनची बॅटरी शिल्लक लागते, तेव्हा शेवटच्या वीस टक्क्यांत फोटो बंद.

वाईत उतरल्यावर पाय चालत असतील तर मेणवलीपर्यंत जाऊन या. तीनेक किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट आणि वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' बघितलेल्यांना घाट ओळखीचा वाटेल. दुपार उतरली की पायऱ्यांवर तिरपं ऊन येतं. थकलेली माणसं पायऱ्यांवर बूट काढून बसलेली, पाय पाण्यात, आठ सायकली भिंतीला टेकलेल्या. आमच्या गटाचा सगळ्यात चांगला फोटो घाटातला नाहीच, तो इथला आहे. त्यात कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही.

राहिलं फोटो वाटण्याचं काम. तीनशे फोटो गटावर ओतणारा माणूस कुणालाच नको असतो. त्याच रात्री बसून बारा-पंधरा निवडा, प्रत्येकाचा निदान एक येईल असे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले तर ते आकसतात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पहिला पाठवाल तो सगळ्यात शेवटी वर आलेल्याचा पाठवा, पुढच्या फेरीची तारीख त्याच्याच सोयीने विचारून.